सुखरूप आणणाऱ्या हिवरखेडकर बाई

रायपूरजवळच्या आमच्या पोलाद कारखान्याच्या कॉलनीत, सेक्टर 10 मधल्या मराठी बायकांना आवडता लेखक कोण हे विचारू नये. एकदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी, पुरुषांचं तिथे काही काम नसताना, दाराशी उभा राहून सहज विचारून बसलो. दोन बायकांची बोलचाल होळीपर्यंत बंद राहिली. त्यातली एक माझीच विजया. त्यामुळे त्या वादाचा उरलेला भाग होळीपर्यंत मला जेवताना वाढला गेला.

ऐतिहासिक प्रेमकथा हा आमच्याकडचा जुना आजार आहे, आणि त्याचं मूळ आमच्या शेजारच्या क्वार्टरात. रत्नमालावहिनी. त्यांचा नवरा नरहरी फर्नेसवर होता, मी टाइम ऑफिसात बाबू. तो घामाने ओला होऊन घरी यायचा आणि मी कुलरपुढून उठून, तरी आमची दोस्ती टिकली. दर गुरुवारी दुपारी वहिनींच्या पुढच्या खोलीत आसपासच्या बायका जमायच्या. कोणी तूर निवडायला आणायची, कोणी लसूण, कोणी वातींचा कापूस. वहिनी खुर्चीवर बसून कादंबरी वाचायच्या. ही चाल पस्तीस-चाळीस वर्षांची. इथल्या बऱ्याच बायका हिंदी शाळेत शिकलेल्या, मराठी वाचताना अडखळतात, ऐकताना मात्र एक शब्द सोडत नाहीत. नरहरीची सुट्टी असली की तो आणि मी बाहेर व्हरांड्यात पेपर उघडून बसायचो. पेपरचं एकच पान उघडं असायचं, हे कोणी पाहिलं नाही असं आम्हाला वाटायचं.

लेखक तिघे. पहिले बा. ना. तळवेलकर. हा पुरुषांचा माणूस. त्यांच्या पुस्तकात किल्ला घ्यायला सत्तर पानं लागतात आणि प्रेम करायला अर्धं. तोफ कुठल्या बैलांनी ओढली, दारू कशी भिजली, सगळं चोख. नायिकेचं तोंड मात्र दर पुस्तकात चंद्रासारखंच. मला आणि नरहरीला ते आवडत. विजयाचं म्हणणं, "या मानसाचं लग्न झालं नसन, नाहीतर तोफेशी झालं असन."

दुसरे चिंतामण गडनाईक. त्यांच्या कादंबरीत पडदे फार. दर दहा पानांनी एक पडदा हलतो, आणि मागे जे चालतं ते ऐकताना तूर निवडणारे हात थांबतात. गडनाईक आवडतात असं सेक्टर 10 मध्ये एकाही बाईने कधी कबूल केलेलं नाही. महाराष्ट्र मंडळाच्या लायब्ररीतलं त्यांचं पुस्तक मात्र हातात घेतलं की नेमक्या पानावर आपोआप उघडतं. कोणी न वाचता ते इतकं मऊ कसं झालं हे मी विचारत नाही. एकदा विचारून पाहिलंय.

आणि तिसऱ्या मंदाकिनी हिवरखेडकर. त्यांचं नाव निघालं की बाकीचे दोघे व्हरांड्यात.

हिवरखेडकर बाईंच्या पुस्तकात लढाई लांबून ऐकू येते. मुक्काम घरात. नवरा मोहिमेवर गेला की पाणी कोण भरतं, सासूचा आवाज कसा बदलतो, भाकऱ्या थापताना एक चुकून जास्त कशी होते, ते त्या लिहितात. त्यांचा नायक प्रिये-बिये म्हणत नाही. घोड्यावर बसता बसता म्हणतो, "दोर ओला आहे, विहिरीवर जपून." बस, एवढंच. आणि खोलीतल्या सगळ्या बायका श्वास सोडायच्या. असं बोलणारे नवरे प्रत्येकीच्या घरात होते. शिफ्टला निघताना "गॅस बंद कर" म्हणणारे. त्यात इतकं प्रेम असतं हे त्यांना हिवरखेडकर बाईंनी सांगितलं. आम्हा नवऱ्यांनाही तेव्हाच कळलं.

आणि सगळ्यात मोठा गुण म्हणजे हिवरखेडकर बाई नायकाला मारत नाहीत. पानिपतावर पाठवतील, ओरिसात पाठवतील, नागपूरकर भोसल्यांच्या फौजेतून आपल्या रतनपुरापर्यंत आणतील, पण शेवटच्या पानावर माणूस दारात उभा. मिशीवर धूळ, खांद्यावर पट्टी, पण उभा. विजयाला तर हे इतकं पटलं की आमच्या थोरल्याचं नाव तिने पानिपतावरून परत आलेल्या नायकावरून धनंजय ठेवलं. मी सखाराम म्हणत होतो. माझं कोण ऐकतं.

एकदा नागपूरहून विजयाची मामेबहीण आली होती. बोलता बोलता म्हणाली, "हिवरखेडकर? माय माय, लय रडवते ती बाई." आमच्या बायका तिच्या तोंडाकडे पाहून हसल्या. ती गेल्यावर आठवडाभर विषय एकच. नागपूरच्या लोकांना वाचता येत नाही.

आता वहिनींचा एक दोषही सांगतो, कारण तो सगळ्या सेक्टरला ठाऊक होता. हिवरखेडकर बाईंची पुस्तकं त्या नागपूरहून विकत आणत, लोखंडी कपाटात ठेवत आणि कोणाला देत नसत. मागायला गेलं की म्हणायच्या, "गुरुवारी या ना. वाचतोच आहे आपन." बायका तोंडावर गोड बोलायच्या आणि रस्त्यावर आल्या की कंजूस म्हणायच्या. माझी विजया रस्त्यापर्यंतही थांबायची नाही.

गेल्या उन्हाळ्यात नरहरी गेला. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती. दुपारी जेवला, हात धुतले, पंख्याखाली आडवा झाला आणि चहाला उठला नाही. इतक्या सरळपणे गेला की वहिनींनी चहा आणून शेजारी ठेवला होता.

वहिनी रडल्या नाहीत. पहिल्या दिवशी बायका म्हणाल्या, धक्का बसला आहे. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, रडवलं पाहिजे. तेरवीला कॅम्प-1 वस्तीतून एक लांबची नातेवाईक खास त्यासाठी आणली होती, जिचं रडणं ऐकून दगड हलावा अशी ख्याती होती. ती दाराशीच सुरू झाली. वहिनींनी तिला पाणी दिलं, ती पाणी प्यायली आणि विषय संपला.

पुढेही तसंच. ताट पुढे ठेवलं तर जेवत. नाही ठेवलं तर नाही. एकदा मी गेलो तर दूध उतू जात होतं आणि त्या गॅसजवळच उभ्या राहून ते पाहत होत्या. मी बंद केला. "हो," म्हणाल्या. मी माझ्या परीने चिडवूनही पाहिलं. चाळीस वर्षं या बाईला चिडवत आलो आहे, आणि दरवेळी व्याजासकट परत मिळालं आहे. म्हटलं, "वहिनी, तुमच्या हिवरखेडकर बाईंचे नायक खर्रा खातात का हो? परत येतात तेव्हा कोणाचे दात तंबाखू-सुपारीने लाल असल्याचं काही लिहीत नाहीत."

त्यांनी विचार केला. "नाही," म्हणाल्या. "तेव्हा खर्रा नव्हता."

बरोबर उत्तर होतं. मी घरी आलो आणि मला जेवण गेलं नाही.

त्यांची लेक गीतांजली पुण्याला असते. ती महिनाभर राहिली आणि जाताना आमच्या घरी येऊन बसली. "भय्याजी काका, मम्मी अशीच बैठी रहती है दिनभर. मी तिला घेऊन जाते. इथं आता काय आहे तिचं?"

"तिले विचारलं का?" विजया म्हणाली.

"विचारलं. म्हणते गुरुवारचं वाचन आहे. बस, एकच गोष्ट. काकू, ते वाचन चालू असेल तोवर मी जबरदस्ती नाही करणार. पण वाचन पण बंद झालं ना, तर मी तिकीट काढीन. दिवाळीच्या आधी."

हे ऐकून विजयाने त्याच आठवड्यात सगळ्या बायका गोळा केल्या. नरहरी गेल्यापासून गुरुवार बंदच होता. वहिनींनी नाही म्हटलं नाही. कपाट उघडलं, हिवरखेडकर बाईंची सर्वांत शेवटची कादंबरी काढली, जी अजून वाचायची राहिली होती, आणि खुर्चीवर बसल्या.

मी व्हरांड्यात. शेजारी एक खुर्ची रिकामी.

वाचन सुरू झालं ते रेल्वे स्टेशनवर गाड्या सांगतात त्या आवाजात. रायाजी नावाचा शिलेदार, सगुणा त्याची बायको, तो भोसल्यांच्या फौजेबरोबर रतनपुराकडे निघतो. रतनपूर आलं की एरवी बायका कौतुकाने चुळबुळ करायच्या, आपल्याच बाजूला आला म्हणून. या वेळी आवाजच असा होता की कोणी चुळबुळ केली नाही. आठवडे गेले. पुस्तक पातळ होतं. शेवटचा गुरुवार आला. सगुणा उंबऱ्यावर. रस्त्यावर धूळ. बायकांनी हातातली कामं खाली ठेवली, कारण आता मिशी दिसणार होती.

"घोडा एकटा आला," वहिनींनी वाचलं. "रायाजी शिवनाथेच्या काठी पडला होता."

विजया म्हणाली, "पडला म्हंजे? घोड्यावरून?"

"मेला."

"असा कसा मेला? अवं नीट पाय. हिवरखेडकर बाई कोनाले मारत नाही."

वहिनींनी पान मिटलं नाही. "सगळ्याइलेच मारते," त्या म्हणाल्या.

मी पेपर खाली घेतला.

"सगळ्याइले म्हंजे?"

"सगळ्याइले."

"मानकोजी? तो केसरचा नवरा?"

"ओरिसात."

"अन् तो बंदुका बनवनारा?"

"पुरात वाहून गेला."

कोणीतरी लसणाचं ताट हातातून सोडलं. विजया उभी राहिली होती. तिचा आवाज बारीक झाला. "रत्ना, धनंजयराव? पानिपतचा?"

"पानिपतातच."

"माय वो! मी पोराचं नाव मेलेल्या मानसाचं ठेवलं?"

एरवी या वाक्यावर सगळी खोली हसून लोळली असती. मीच पहिला. पण वहिनी खुर्चीवर अशा बसल्या होत्या की कोणी हसलं नाही. विजयाने विचारलं, "मंग इतके वर्षं तू कावून खोटं वाचून राहिली होती?"

"हे ड्युटीवर राहात ना," वहिनी म्हणाल्या. वीज बिलाबद्दल सांगावं तसं. "ते तिकडे लोखंडापाशी. मी इथं घरात बसून कोनाले मारू?"

हे प्रत्येकीला आतून ठाऊक होतं. आमच्याकडे माणूस शिफ्टला निघताना जातो म्हणत नाही, येतो म्हणतो. तो गेल्या गेल्या कोणी झाडू हातात घेत नाही. आणि तो परत येईपर्यंत घरात मरणाचा शब्द काढत नाहीत. मेलेल्याची बातमी आली तरी "अमक्याकडे जाऊन या" इतकंच म्हणतात. कोणी शिकवलेलं नाही. मीसुद्धा टाइम ऑफिसात बसायचो, जिथे पंखा पडण्यापलीकडे काही होणार नव्हतं, तरी विजया पाळायची.

"पन नरहरी भाऊजी त रिटायर झाले होते," एकीने म्हटलं.

"सवय पडली मंग."

"अन् आता?"

"आता कोन आहे ड्युटीवर?" वहिनी म्हणाल्या, आणि राहिलेला परिच्छेद शेवटपर्यंत वाचला. सगुणाने घोड्याचं खोगीर उतरवलं, त्याला पाणी दाखवलं. पुस्तक संपलं.

त्या दिवशी सगळ्या बायका रडल्या. रायाजीसाठी, मानकोजीसाठी, आणि मला वाटतं थोडं नरहरीसाठीही. एक वहिनी सोडून.

पण रडणं संध्याकाळपर्यंत टिकलं, राग जास्त टिकला. फसवलं म्हणजे फसवलं. पुढच्या गुरुवारी एकीला सुपेल्याचा बाजार आठवला, एकीच्या गुडघ्याने दगा दिला, एकीकडे गॅसवाला येणार होता. विजयाने कारणही शोधलं नाही. मी म्हटलं, "जा ना, तिले बरं वाटन."

"मेलेल्याइच्या गोष्टी ऐकाले? घरी धनंजय काय कमी आहे?" धनंजय रायपूरला आहे, चांगला जाडजूड आहे, पण ते असो.

त्या गुरुवारी वहिनी पुस्तक घेऊन खुर्चीवर बसल्या. कोणी आलं नाही. चार वाजता उठल्या. पुढच्या गुरुवारीही तसंच. गीतांजलीचा फोन आला तेव्हा मी तिथेच बसलो होतो. लेकीने काय विचारलं ऐकू आलं नाही, वहिनी म्हणाल्या, "नाही, कोनी नाही येत आता. काढ तिकीट." आणि फोन ठेवून माझ्याकडे पाहिलं, जणू मी पोस्टमन आहे आणि सही कुठे करायची ते विचारायचं आहे.

"जाणार मग वहिनी?"

"जाईन."

"पुण्यात आमच्यासारखं कोणी चिडवायला मिळायचं नाही."

"नाही," त्या म्हणाल्या.

तिसऱ्या गुरुवारी मोटरसायकल थांबली. भागीरथाबाई उतरल्या. पूर्वी त्या आमच्याच रांगेत राहायच्या. नवरा कारखान्यातून रिटायर झाल्यावर त्यांनी कॅम्प-1 मध्ये घर बांधलं, पण गुरुवार सोडला नव्हता. वय सत्तरीच्या पुढे, डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांचा मुलगा तेजराम फर्नेसवर आहे, नरहरी होता तिथेच. त्याची बी-शिफ्ट असते त्या आठवड्यात तो दुपारी कामावर जाता जाता आईला इथे सोडतो, बाकी आठवड्यांत त्या ऑटोने येतात. रायाजी मेला त्या दिवशीही त्या कोपऱ्यात बसून होत्या. 

"जय भीम, भय्याजी," त्या मला म्हणाल्या. "पेपर सरळा धरा. उलटा हाय."

मोतीबिंदूवाली बाई. मी सरळा धरला.

तेजरामने गाडीला किक मारली. "येतो वो माय."

"ये." गाडीचा आवाज वळणावर संपेपर्यंत त्या तिथेच थांबल्या, मग आत जाऊन आपल्या जागेवर भिंतीला टेकल्या. पिशवीतून लसूण काढला.

"कोनी नाही का?"

"नाही."

"बरं हाय. घाई नाही मंग." थोडा वेळ लसूण सोलण्याचाच आवाज. "रत्नाबाई, ते रायाजीचं परत वाच."

"झालं ना ते वाचून."

"बराबर नाही झालं. माहा तेजराम आता प्लँटच्या गेटात शिरला असन."

 मी खिडकीतून डोकावलो; माझ्या वयात डोकावण्याला कोणी नाव ठेवत नाही. वहिनी पुस्तक मांडीवर घेऊन बसल्या होत्या. चेहऱ्यावर काही नव्हतं. दूध उतू जाताना जे होतं तेच.

"मले काही वाटत नाही, भागीरथाबाई," त्या म्हणाल्या. "कोनी मेला तरी नाही, आला तरी नाही. पयल्यासारखं नाही येनार मले."

"तुले वाटाले कोन सांगून राहिलं? वाच."

वहिनींनी शेवटचं प्रकरण उघडलं. सगुणा उंबऱ्यावर. रस्त्यावर धूळ. आवाज तोच, गाड्या सांगणारा. घोडा आला. मी खिडकीतून पाहत होतो. त्यांची नजर ओळीवरच होती. "घोड्यावर रायाजी होता," त्यांनी वाचलं. मग थांबल्या. काय जोडायचं ते शोधत असाव्यात. "खांद्याला पट्टी होती. शिवनाथेच्या पाण्यानं पागोटं ओलं होतं. सगुणेनं विचारलं, जेवलात का? तो म्हणाला, नाही."

पूर्वी त्या हे वाचायच्या तेव्हा आवाजात असा ओलावा यायचा की शेजारच्या क्वार्टरात कुकरची शिट्टीसुद्धा कोणी होऊ देत नसे. आता काही आलं नाही. रायाजी परत आला, हातपाय धुतले, जेवायला बसला. पुस्तकात तो नदीकाठी पडलेला आहे हे खोलीत दोघींना ठाऊक होतं आणि बाहेर मला.

"हां," भागीरथाबाई म्हणाल्या. "भाकर कशासंग खाल्ली?"

वहिनींनी पानावर पाहिलं, जणू लिहिलं असेल. "ठेच्यासंग."

"मंग बरं हाय."

मी ही गोष्ट घरी येऊन विजयाला सांगितली.  पुढच्या गुरुवारी ती वाती वळायच्या आहेत म्हणून शेजारी गेली. आमच्याकडे वाती वर्षभराच्या पडल्या आहेत. तिच्यामागे गुडघेवालीही आली. आणि बायकांनी त्यांच्या पद्धतीने, खूप भांडून, एक नियम केला. तेजराम बी-शिफ्टला असेल त्या गुरुवारी कोणी मरणार नाही. तो सकाळच्या शिफ्टहून दुपारी सुटून घरी पोचला असेल किंवा नाईटला जायचा असेल, तर पुस्तकात असेल तसं वाचायचं. त्यामुळे मानकोजी आता आठवड्यागणिक मरतो आणि परत येतो. मरतो तेव्हा सगळ्यात जास्त माझी विजया रडते. म्हणते, हिवरखेडकर बाई खरं लिहितात तेव्हा तळवेलकर, गडनाईक दोघंही त्यांच्या पायाशी. धनंजयला मात्र अजून कोणी हे सांगितलेलं नाही.

वहिनी दोन्ही एकाच आवाजात वाचतात.

गीतांजलीने तिकीट काढलंच होतं. तिचा फोन आला तेव्हा गुरुवारच होता, बायका नुकत्याच उठल्या होत्या, आणि मी चहासाठी रेंगाळलो होतो. लेकीचा आवाज मोठा, व्हरांड्यापर्यंत आला. "मम्मी, पॅकिंग झाली का?"

"नाही. वाचन सुरू झालं परत."

"अरे! अच्छा है. मग कधी येशील?"

"तेजराम रिटायर झाला की पाहू."

"कौन तेजराम? कधी होणार तो रिटायर?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. टाइम ऑफिसचा माणूस मी, असल्या गोष्टी मला विचारतात.

"अजून पंधरा-सोळा वर्षं आहेत," मी म्हटलं.

"पंधरा-सोळा," वहिनींनी फोनमध्ये सांगितलं, आणि चहाचं आधण ठेवायला आत गेल्या.